धावड्याचा बोगदा

“दोन-सव्वादोन तासांचा तर रस्ता,” जगन्नाथ म्हणाला, आणि तव्यावरची भाकरी उलथायला निघालेला विमलचा हात तसाच थांबला. ओसरीच्या पायरीवर बसलेल्या बद्रीनाथनं तोंडाला लावलेला तांब्या खाली घेतला. हा बद्रीनाथ म्हणजे त्यांच्या लेकीच्या, शैलाच्या, सासऱ्याचा धाकटा भाऊ. धावड्याहून बैलगाडी हाकत तो नुकताच जालन्यात येऊन टेकला होता, अंगावरची धूळसुद्धा अजून झटकली नव्हती. त्यानं आणलेला निरोप साधा होता: पोरीचे पाय सुजलेत, डोकं दुखतं म्हणते, सातवा सरत आलाय, पहिलं बाळंतपण माहेरी करायचं तर जल्दी या. त्यावर बापानं काय म्हणावं? निघतो म्हणावं, नाहीतर या दिवसांत कसं करायचं म्हणून डोक्याला हात लावावा. जगन्नाथच्या तोंडून निघाला तो तासांचा हिशेब. “कोणता रस्ता हो?” विमलनं विचारलं. ती चिडली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं. तिला खरंच कळलं नव्हतं, आणि ते न कळणं तिच्या चेहऱ्यावर उघडं दिसत होतं. आकडा कुठून आला ते जगन्नाथला तिथल्या तिथं उमगलं. स्टेशनजवळच्या रेल्वे-सर्वेच्या कचेरीत त्याच्या मेजासमोर भिंतीवर एक तक्ता टांगलेला होता. होऊ घातलेल्या जालना–धावडा लाइनीवर गाड्या कशा धावतील, त्याचा. सकाळी जालन्याहून सुटलेली गाडी राजूर, भोकरदन, पिंपळगाव रेणुकाई करत धावड्याला डोंगराच्या पायथ्याशी टेकायची आणि तिथून बोगद्यात शिरायची. तक्ता त्यानंच आखलेला होता. लाइन नव्हती, रूळ नव्हते, गाडी नव्हती. वेळापत्रक तेवढं तयार होतं, आणि ते त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं की आपल्या सातव्या महिन्यातल्या पोरीला त्यानं आत्ता त्या गाडीत बसवलंसुद्धा होतं. बद्रीनाथ खाली बघत व्याह्याला म्हणाला, “मला दोन दिस लागले, इवाई. बैल बी दमले.” जगन्नाथ उठून आत गेला. भाकरी करपल्याचा वास घरभर पसरला होता.

जालन्यात आता या लाइनीची थट्टा करायचासुद्धा लोकांना कंटाळा आला होता. जगन्नाथ नकाशानवीस म्हणून कचेरीत लागला तेव्हा पुढच्या दिवाळीला गाडी येणार असं सगळे म्हणत, आणि त्याला ते खरं वाटे; वीस-बावीस वर्षांच्या पोराला खरं न वाटायला काय झालं? पहिल्या साहेबानं लाइन डोंगराला वळसा घालून नेली. तिचे नकाशे काढून होतात न होतात तोच साहेब बदलला. दुसरा म्हणाला, वळसा कशाला, सरळ पोटातून जाऊ. मग बोगदा आला. बोगदा आला तशी सरहद्द आली, कारण डोंगराच्या अलीकडं निजामसरकार आणि पलीकडं वऱ्हाडात इंग्रज. आता सरहद्द बोगद्याच्या मधोमध पडते, तर अंधारात एखाद्या उतारूची पेटी चोरीला गेली तर चोर कोणत्या सरकारनं धरायचा, यावर दोन्हीकडून वर्षानुवर्षं लिहिणं चाललं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. मध्येच एका उत्साही साहेबानं धावड्याला चाचणी म्हणून डोंगर पोखरायला माणसं लावली, आणि ती बातमी आली त्या दिवशी जगन्नाथनं घरी पेढे आणले. नंतर ते काम थांबलं, का थांबलं ते नकाशानवीसाला कोण सांगतो? मग लढाई आली, रूळ दुसरीकडं गेले. प्रत्येक खेपेला नवी लाइन, नवे नकाशे, आणि जुने रद्द. पण रद्द म्हणजे वाया नव्हे, हे कचेरीच्या बाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. पक्के नकाशे निघत ते ट्रेसिंगच्या कापडावर. खळ देऊन घोटलेलं, निळसर, कागदासारखं कडक कापड. मात्र एक रात्र पाण्यात भिजत घातलं आणि हलक्या हातानं चोळलं की खळ निघून जाई आणि खाली लोण्यासारखं मऊ कापड उरे. रद्द नकाशे नकाशानवीसांनी घरी न्यायचे ही रीत कुठं लिहिलेली नव्हती, पण सगळे पाळत. कचेरीतल्या माणसांच्या सगळ्या तान्ह्या पोरांची टोपडी-अंगडी त्यातूनच शिवली गेलेली. शाई मात्र सगळी जात नसे. फिकट, राखाडी रेघ मागं राहायची. शैला जन्मली तेव्हा वळसा नुकताच रद्द झाला होता. तिच्या पहिल्या अंगड्यावर, बरोबर पाठीवर, राजूरचं वळण आलेलं होतं, आणि जगन्नाथ तिला पालथी घालून त्या वळणावरून बोट फिरवायचा, तशी ती हसायची. मऊ पाठ होती तिची, घामोळ्यांनी भरलेली. ते हसू आता त्याला आठवायला नको वाटे.

कारण पुढं त्याच बोटानं त्यानं तिचं लग्न ठरवलं. लढाई संपत आली तसा नवा साहेब आला, नवं कापड आलं, आणि या खेपेला खरंच होणार अशी हवा कचेरीत भरली. त्याच दिवसांत धावड्याच्या रखमाजीचं स्थळ सांगून आलं. मुलगा श्रीपती, चार यत्ता शिकलेला, घरची जमीन, माणसं बरी. बाप जावई बघतो, घर बघतो. जगन्नाथनं स्टेशन बघितलं. रखमाजीचं शेत बोगद्याच्या तोंडाला लागून होतं, म्हणजे लेकीच्या दारात स्टेशन. “एवढ्या लांब?” विमल म्हणाली होती. त्यानं बाजेवर नकाशा पसरला, आणि जालन्याच्या ठिपक्यावर बोट ठेवून ते सरसर वर नेलं. “सकाळी निघाली की दुपारच्या जेवणाला इथं.” विमलला नकाशा वाचता येत नव्हता. ती त्याच्या बोटाकडं बघत होती, आणि त्या बोटावर विसंबून ती हो म्हणाली. लग्न जालन्यालाच झालं. लेकीला पोचवायला-आणायला जगन्नाथचा धाकटा भाऊ मुकुंद जाई, त्यामुळं ज्या वाटेची इंचन्‌इंच रेघ जगन्नाथनं ओढली होती त्या वाटेवर तो स्वतः जाणत्या वयात कधी गेलाच नव्हता. आता मुकुंदही नव्हता. देश स्वतंत्र झाला, निजामाचं राज्य तेवढं अधांतरी राहिलं, आणि एका सकाळी मुकुंद सरहद्दीपलीकडं, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या तळावर निघून गेला. तेव्हापासून घरात त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं नाही असं ठरलं होतं. गावोगाव रझाकारांची ठाणी बसली होती. कचेरीत माणसं येत, पेन्सिली तासत आणि घरी जात.

विमलनं रात्रीतून गाठोडं बांधलं. शेवटच्या नकाशांतला एक ताव गेल्या महिन्यात घरी आला होता; त्याची दोन टोपडी, एक कुंची आणि दुपटी शिवून तयार होती. “असू द्या जवळ,” ती म्हणाली, “वाटंत काही झालं तर.” वाटेत काय होईल हे दोघांनाही बोलायचं नव्हतं. विमलची थोरली बहीण तारा पहिल्या खेपेलाच गेली होती. आधी पाय सुजले, मग डोकं दुखू लागलं, मग डोळ्यांपुढं काजवे, आणि मग झटके. विमल तेव्हा लहान होती. ताराचे दात उघडायला आजीनं लाकडी उलथनं घातलं होतं, त्याचा आवाज ती अजून सांगायची. “डोळ्यांचं काय म्हणती का ती?” तिनं बद्रीनाथला तीनदा विचारलं. बद्रीनाथला ठाऊक नव्हतं. “दवाखाना इथं हाय. इथं आणा,” ती जगन्नाथला म्हणाली, “एवढंच. मला दुसरं काही नको.” त्यानं शेरवानी चढवली, टोपी घातली, कचेरीचा पितळी बिल्ला छातीवर लावला. सरकारी माणूस दिसलेलं बरं, असा विचार. गाडी हलली तेव्हा विमल दारात उभी होती, आणि त्याला बोलायला काही सुचेना म्हणून त्यानं तिला मागची कडी लावून घ्यायला सांगितलं.

वैशाखाचं ऊन, आणि कापसाची जुनी धसकटं उभी असलेली काळी रानं. राजूरपर्यंत त्याचं मन नकाशातच चाललं होतं. नको म्हटलं तरी. हा ओढा, याच्यावर तीन कमानींचा पूल. ही टेकडी, ही कापून लाइन न्यायची. राजूरच्या गणपतीचा कळस दिसला तसा त्याला राग आला, कारण नकाशात देऊळ लाइनीच्या डाव्या हाताला होतं आणि इथं ते उजव्या हाताला उभं. मग लक्षात आलं की गाडीवाट ओढ्याला बगल देऊन भलतीकडून आली आहे. वाट त्याचं काहीच ऐकत नव्हती. कागदावर अर्धी वीत दिसणारा माळ संपता संपेना. बैल थांबत, बद्रीनाथ उतरून चाकात दगड घाली, पाणी पाजी, आणि पुन्हा जुंपी. एकदा जगन्नाथनं डोळे मिटले आणि डोक्यात हिशेब केला, गाडी असती तर एव्हाना शैलाला घेऊन परत... आणि एकदम त्याला स्वतःची किळस आली. अजूनही? अरे, अजूनही? बापानं पोरीची काळजी करावी, तर हा गाड्यांचं क्रॉसिंग जुळवतोय. हे असंच चालत राहिलं आणि पोरगी तिकडं मेली तर? शब्द मनात आला तसा त्यानं घाईघाईनं दुसरं काहीतरी आठवायचा प्रयत्न केला. आठवली ती तारा, आणि तिला त्यानं कधी पाहिलंही नव्हतं.

भोकरदनच्या अलीकडं केळणा नदीच्या पात्रात गाडी अडवली. बाभळीखाली बंदूकवाले सात-आठ रझाकार बसलेले. त्यांतला एक मेंदी लावलेल्या दाढीचा, पोक्त माणूस उठून आला. “रेल्वेचे साहेब हायेत,” बद्रीनाथ न विचारताच म्हणाला, आणि त्याचा आवाज नको तेवढा वर चढला. त्या माणसानं बिल्ला पाहिला, पेंढा उचकटला, मग गाठोडं सोडलं. जगन्नाथच्या डोक्यात तेव्हा कुठं लख्ख उजेड पडला. धावड्याचा घाट. ज्या सरहद्दीवर रोज गोळ्या झडत होत्या तिथल्या चढउतारांच्या रेघा, पायवाटा, पाण्याच्या जागा, सगळं त्या टोपड्यांवर फिकट फिकट उमटलेलं होतं, आणि ज्याच्या गाठोड्यात ते सापडलं त्याचा सख्खा भाऊ पलीकडच्या तळावर होता. माणसानं टोपडं मुठीवर चढवलं आणि उन्हाकडं धरलं. “ये लकीरां कायकी?” त्यानं विचारलं. “शाईकी, साब. पुराना कपडा है, कचेरीका,” जगन्नाथ म्हणाला. “नक्शा है?” माणसाचा अंगठा बरोबर बोगद्याच्या तुटक रेघेवर होता. त्यानं टोपडं उलटं धरलं होतं. डोंगर खाली आणि धावडा वर. जगन्नाथला ते दिसलं आणि काही कळायच्या आत त्याचा हात ते सुलटं करायला पुढं झाला. बावीस वर्षांची खोड, दुसरं काय! माणूस त्या हाताकडं बघत राहिला. “सीधा कौनसा है?” माणसानं हळूच विचारलं. जगन्नाथनं टोपडं फिरवून दाखवलं. “बेटीका पैला है?” “हौ, साब.” बाभळीखालून कुणीतरी हाक मारली. माणसानं टोपडं मुठीवरून उतरवलं, त्याची नीट चौघडी घातली, जगन्नाथला कधी जमली नसती इतकी नीट, आणि गाठोड्यात ठेवलं. “जाव. वापस आना है तो आजच आव. कल से रस्ता बंद है.” गाडी पात्र चढून बरीच पुढं गेली. मग जगन्नाथ म्हणाला, “त्यानं उलटं धरलं होतं.” बद्रीनाथनं वळून त्याच्याकडं असं पाहिलं की पुढं पिंपळगावापर्यंत जगन्नाथनं तोंड उघडलं नाही.

पिंपळगाव रेणुकाई म्हणजे त्याच्या वाडवडलांचं गाव. बापाचं बोट धरून तो तिथून निघाला तेव्हा त्याचे दुधाचे दात पडत होते. रात्री गावाबाहेर बैल सोडले. पहाटे गाडी देवीच्या देवळावरून गेली आणि त्यानं आयुष्यात केला नव्हता असा नवस केला: पोरगी वाचव, मी तो तक्ता भिंतीवरून काढतो. नवस केल्यावर त्याला वाटलं, देवीला त्या तक्त्याचं काय? तिला साडी बोलायला हवी होती. पण बोललेलं बोललेलं.

धावड्यात शिरताना गावात बाईमाणूस दिसेना. रखमाजी दारात उभा होता, पटक्याचं टोक खांद्यावर, डोळे जागरणानं लाल. त्यानं रामराम घातला, पाणी दिलं, आणि म्हणाला, “पोरगी भुयारात हाय.” जगन्नाथला कळेना. “तुमच्या रेल्वेच्या भुयारात, इवाई. शेजारचं गाव लुटलं रझाकारांनी परवा. तव्हापासून दिसभर बायामाणसं तिथंच ठिवून राह्यलो आमी.” शेताच्या बांधावरून चालताना जगन्नाथला उलगडा झाला. चाचणीचं खोदकाम! नकाशात ते दोन तुटक रेघांनी दाखवलेलं होतं, आणि प्रत्येक नव्या नकाशात त्यानं त्या रेघा नव्यानं ओढल्या होत्या, जरा जास्तच ठसठशीत. त्याच्या मनात तिथं काळं, खोल, वाफेनं भरलेलं तोंड होतं. समोर होतं ते डोंगराच्या कुशीतलं एक भोक, गोठ्याएवढं लांब, मागं कातळ. आत गारवा होता आणि वटवाघळांच्या लेंड्यांचा, बायकांच्या घामाचा, आंबलेल्या ताकाचा वास. पोत्यांवर बायका दाटीवाटीनं बसलेल्या. “हे रेल्वेचे व्हय?” तुळजाबाई नावाच्या म्हातारीनं विचारलं, “मंग म्होरं कव्हा खणणार? अजून दहा बाया तरी मावल्या पाह्यजेत.” ती थट्टा करत नव्हती. जगन्नाथनं भिंतीला हात लावला. पहारीच्या खुणा बोटांना लागल्या. एवढं झालं होतं तर. त्याच्या सगळ्या उमेदीच्या वर्षांचं एवढं एक भोक झालं होतं, आणि त्याच्या तळाशी त्याची लेक बसली होती. तिचा चेहरा इतका सुजला होता की त्यानं तिला आधी ओळखलंच नाही. तिनंही डोळे बारीक केले. “कोण, काका का?” “मी गं,” तो म्हणाला. “बाबा? तुम्ही कसे आलात?” मग तिनं हसायचा प्रयत्न केला. “नीट दिसत न्हाई मला. सारखे काजवे चमकतात.”

पाय, मग डोकं, मग डोळे. राहिलं काय होतं? तो बाहेर येऊन दगडावर बसला. जालन्याची वाट बंद. ती उघडी असती तरी दोन दिवस गाडीत ही पोरगी तगली नसती. आता त्याला ती वाट ठाऊक होती. जावई श्रीपती समोर उभा होता, नुसता, हात लोंबते सोडून. “डोंगर उतरला की वऱ्हाडात दवाखाना हाय,” रखमाजी म्हणाला, “डाक्टर हाय. पायवाट हाय. बाजंवर न्यावं लागंल.” तशी चतुराबाई, शैलाची सासू, पुढं झाली. “आठवा लागला तिला. काल लागला. आठव्यात गरवारशीनं वेस वलांडायची न्हाई. भुयार वेशीत हाय, डोंगर बाहीर.” “सातवाच आहे,” जगन्नाथ म्हणाला, “तिची आई मोजते आहे.” “तुमी तिकडं बसून मोजता, मी इथं मोजती.” ती भांडत नव्हती, भेदरली होती, आणि ते त्याला दिसलं. “माझ्या थोरल्या लेकीला असंच आठव्यात नेलं. वेशीबाहीर तासाभरात समदं संपलं. मी न्हाई नेऊ द्यायची.” रखमाजी मागं सरला. बायकोपुढं तो नेहमीच मागं सरत असणार. जगन्नाथला एरवी दुसऱ्यांच्या बायकांशी बोलायचं सुधरत नसे. पण आता त्यानं तिच्या डोळ्यांत बघून ताराचं सगळं सांगितलं. उलथन्यासकट सांगितलं. विमल जसं सांगायची तसंच, तिच्याच शब्दांत. चतुराबाई ऐकत राहिली. “तिचे बी आधी पायच का?” तिनं विचारलं. “पाय. मंग डोकं. मंग डोळे,” तो म्हणाला, हयातभर कचेरीत झिजलेली त्याची भाषा आपोआप गावाकडं वळली होती. ती उठून गावाकडं निघाली. गेली, हिनं आता दारच लावून घेतलं, असं त्याला वाटलं. ती परत आली तेव्हा तिच्या पदरात माती होती. वेशीच्या दगडाखालची माती. ती तिनं शैलाच्या ओटीत घातली, गाठ मारली आणि सगळ्यांवरून नजर फिरवली. “वेस तिच्या वटीत हाय. ती जाईल तिथं वेस. आता तिनं कोन्ती वेस वलांडली, सांगा मला.” श्रीपती बाज आणायला पळाला.

बाजेचे चार खूर चौघांच्या खांद्यावर आले: पुढं रखमाजी आणि बद्रीनाथ, मागं श्रीपती आणि जगन्नाथ. चतुराबाई पाण्याची घागर घेऊन बाजूनं. शेरवानी-सदरा काढून जगन्नाथनं खांद्यावर घडी केली होती, टोपी कुठं पडली ते कळलं नाही. चढाला लागल्यावर सगळा भार मागच्या दोघांवर आला. त्याला वाटलं होतं की आपण थोड्या वेळात पडू. पडला नाही, पण दर पावलाला आता पडतो, आता पडतो असं होत राहिलं. बाज कलली की शैला कण्हायची आणि तो खांदा उचलून बाज सावरायचा. कण्हणं थांबलं की त्याहून वाईट. मग तो नुसता तिच्या हाताकडं बघायचा. ओटीच्या गाठीवर मूठ वळलेली होती आणि ती मूठ सैल होत नाही ना, एवढंच बघत चढायचं. उजव्या अंगाला कुठंतरी बंदुकीचे दोन बार झाले. चौघं बाजेसकट करवंदीच्या जाळीत बसले, काटे गालात रुतले, मुंग्या मानेवर चढल्या, आणि शैलानं एकदम विचारलं, “बाबा, तुमच्या खांद्याला रक्त आलंय का?” तिला दिसत नव्हतं, तरी तिनं विचारलं. “न्हाई, न्हाई,” तो म्हणाला. माथ्यावर सरहद्दीचा दगड होता. त्याचा नकाशा इथं संपत होता. या दगडापुढं त्यानं कधी काही काढलं नव्हतं. पुढचं कापड कोरं सोडायचं, असा कचेरीचा नियम. पलीकडं उतार होता, सागाची रोपं, खाली कौलांचा एक पुंजका आणि धूर. किती दूर, किती उतार, मध्ये पाणी आहे की नाही, त्याला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. रखमाजी म्हणाला, “सांभाळून, इवाई. उतरताना पाय निसटतो.” जगन्नाथनं पाय खाली टाकला.

दिवेलागणीला त्यांनी बाज टेकवली ती पहिल्याच घराच्या अंगणात. घर सोनूबाईचं, बैलबाजाराला येता-जाता रखमाजी तिच्याकडं उतरत असे, एवढीच ओळख. तिनं बाजेत डोकावलं, शैलाचे पाय दाबून पाहिले, खळगा भरून येईना तशी चक् केलं आणि आत गेली. आली ती भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन. माहेरी आलेल्या लेकीवरून ओवाळतात तसा तिनं तो तुकडा शैलावरून ओवाळला, लांब टाकला, पायांवर पाणी घातलं, आणि म्हणाली, “घ्या आत माझ्या लेकीला.” जगन्नाथ अंगणातल्या खांबाला धरून उभा राहिला. हे विमलचं काम होतं. विमल तिकडं दारात उभी असेल, तिला हे कळायला किती दिवस लागतील? त्याला रडू आलं आणि त्यानं ते येऊ दिलं. श्रीपतीनं डॉक्टर आणला. डॉक्टर बराच वेळ आत होता, बाहेर आला तेव्हा हात पुसत म्हणाला, “वेळेवर आणलीत. उद्याच्याला झटके आले असते. आता बाळंत होईपर्यंत इथून हलवायची नाही, आणि अंधारात निजवा.” रखमाजी आणि श्रीपती त्याच्याबरोबर औषध आणायला गेले, बद्रीनाथ अंगणातच आडवा झाला, चतुराबाई भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली.

सोनूबाईनं जगन्नाथपुढं पितळीत भाकरी आणि पिठलं ठेवलं. “खा बाबा. लई वझं वाह्यलंस,” ती म्हणाली. मळलेलं धोतर, उघडं अंग, खांद्यावर रक्ताचा डाग. तिनं त्याला रखमाजीचा गडी समजला होता, आणि त्याला ते सुधारून सांगावंसं वाटलं नाही. आतल्या उंबऱ्याशी, अंधारात, शैलाची बाज दिसत होती. सोनूबाई तिच्या उशाशी बसून केसांतले काटे काढू लागली. काढता काढता बोलत होती. बायका बोलतात तसं, कुणाला उद्देशून नाही असं. “शहरातली पोर दिसती. हात बघ कसे. कोन्या बापानं दिली गं तुला असल्या डोंगरात?” जगन्नाथच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. आत काही हललं नाही. त्याला वाटलं, झोपली असावी. झोपलेली असू दे.

“चांगल्या बापानं दिली,” शैला म्हणाली. आवाज खोल गेलेला होता, पण स्वच्छ ऐकू आला.

“चांगल्या म्हणं!” सोनूबाई फणकारली. “पहिलटकरीण पोर बाजंवर पडून डोंगर उतरून राह्यली, आन् चांगला! मंग असल्या वक्ताला तो आला का तरी?”

“आला,” शैला म्हणाली.